कापडी डायपर घेताय? आधी दोरी बघा

माझी लेक जुलैत झाली, माहेरी चिपळूणला, आणि ज्यांनी चिपळूणचा जुलै बघितलाय त्यांना पुढचं सांगायलाच नको. बारशाच्या आदल्या दिवशी आमच्या पडवीत तीन दोऱ्यांवर मिळून ३१ लंगोट लटकत होते, त्यातला एकही वाळलेला नव्हता, आई इस्त्री घेऊन बसलेली, आणि मी आतल्या खोलीत डोहाळजेवणाला मैत्रिणींनी दिलेले सहा महागडे कापडी डायपर पलंगावर मांडून रडवेली झालेले, कारण त्यातला एकही तिला बसत नव्हता. मांडीभोवती एवढी फट राहायची की माझी दोन बोटं आरामात आत जायची. पुडक्यावर स्पष्ट छापलं होतं, ५ ते १७ किलो. लेक २ किलो ७०० ग्रॅमची. कोण वाचतं ते, मीही वाचलं नव्हतं.

आता ती दोन वर्षांची होईल आणि मधल्या काळात चुलत बहिणीला, दोन मैत्रिणींना, शेजारच्या वहिनींना फोनवर तेच तेच सांगून झालंय म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. माझं म्हणणं थोडक्यात असं की कुठला डायपर घ्यायचा हे तुमची वाळत घालायची दोरी ठरवते. किती शोषतो, किती गोड प्रिंट आहे, कोणत्या ताईंनी रील बनवलंय, ते सगळं नंतर. जो डायपर तुमच्या घरात, तुमच्या पाण्यात धुवून वेळेवर वाळतो तोच तुम्ही वापराल, बाकीचे कपाटात पडून राहतील आणि मग वर्षभराने "कापडी डायपर काही खरे नाहीत बाई" असं तुम्हीच दुसऱ्यांना सांगाल.

पहिला महिना लंगोटाचाच

पहिला महिना, सव्वा महिना साधे सुती लंगोट वापरा, हे मी आईच्या हट्टामुळे केलं पण आता स्वतःहून सांगते. कारण साधं आहे, नवजात बाळाची शू थोडी थोडी असते पण सतत असते. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असं चढत चढत पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा तरी शू व्हायला हवी असं डॉक्टर सांगतात, पण हे झालं निदान, प्रत्यक्षात आम्ही दिवसाला पंधरा-वीस लंगोट बदलायचो. वैताग येतो हे खरं. पण तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं की शू किती वेळा होते, रंग कसा, शी कशी, तर मला धडाधड उत्तरं देता आली, कारण प्रत्येक लंगोट डोळ्यासमोरून गेलेला होता. अंगावरचं दूध पुरतंय की नाही हे पहिल्या आठवड्यात कळायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे, आणि जाड डायपरमध्ये ते कळतच नाही.

पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट असते, ती कापडाला धरली की निघता निघत नाही. त्या दिवसांसाठी अगदी फेकायच्या लायकीचे तुकडे वेगळे काढून ठेवा आणि लंगोट बांधायच्या आधी बाळाच्या ढुंगणाला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, पुसायला सोपं जातं. मग शी हिरवट होते आणि मग मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार. अंगावर पिणाऱ्या बाळाची ही पिवळी शी पाण्यात विरघळते, घाबरू नका, नुसतं विसळलं तरी बहुतेक निघून जाते, राहिलेला पिवळा डाग उन्हाचं काम.

लंगोटावर विटकरी-केशरी डाग दिसला तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसू शकतो, पण त्यानंतरही येत राहिला तर बाळाला दूध कमी पडत असेल, डॉक्टरांना सांगायचं. आणि मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचा एखादा ठिपका दिसू शकतो, आईच्या शरीरातले हार्मोन्स बाळाकडे गेलेले असतात त्याचा तो परिणाम. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, रात्री अडीच वाजता मी सगळ्या घराला उठवलं होतं.

साडीचे लंगोट कसे काढायचे

साडी सुती हवी आणि खूप धुतलेली हवी. सिंथेटिक मिसळ असलेली, टेरिकॉट, चमकणारी अशी कुठलीच नको, ती पाणी धरतच नाही. घरात आजोबांचं जुनं मलमलचं धोतर असेल तर उत्तमच, आमच्याकडे ते निघालं आणि त्याचे लंगोट सगळ्यात शेवटपर्यंत टिकले. साधारण २३ इंचाचा चौकोन लागतो. पाचवारी साडीचा पन्हा ४५-४६ इंचाचा असतो म्हणजे आडवे दोन भाग झाले, लांबी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, त्यातून नऊ, असे एका साडीतून १८ चौकोन निघतात. जरीचा काठ आणि पदर सोडला तर पंधरा-सोळा धरा. नऊवारीतून पंचवीसच्या आसपास.

कडेला शिंप्याकडून पिको करून घ्यायचा मोह होतो पण तो दोरा टोचतो, साधी बारीक दुमड घातलेली बरी. दुमड घाला मात्र नक्की, कारण कापडाचे सुटलेले दोरे बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळले जातात, आवळतात, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. रोज एकदा बोटं बघायची सवय लावा.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली आणि जी प्रत्येक आजीला सांगायला हवी. जुन्या साड्या ट्रंकेत असतात आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. त्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन कपड्यात मुरलेलं असतं, आणि ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते त्यांच्या लाल रक्तपेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते, कधी कधी गंभीर होते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे तपासणी केल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे नियम सरळ ठेवा: गोळ्यांचा वास आलेली साडी, दुपटं, शाल, काहीही बाळाच्या अंगाला लावायचं नाही. आईने जपून ठेवलेली माझ्या पणजीची इरकल याच कारणाने आम्ही बाद केली. आईला वाईट वाटलं, पण डॉक्टरांनी स्वतः सांगितल्यावर ऐकलं.

बांधायला: चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करायचा, लांब बाजू कमरेखाली, खालचं टोक दोन पायांमधून वर, दोन्ही बाजूंची टोकं त्यावरून आणून हलकीशी गाठ. आत दुसऱ्या कापडाची लांबट घडी ठेवली की एक शू तरी त्यात मावते. गाठ बेंबीवर यायला नको, थोडी बाजूला. नाळ सुकून पडायला एक ते तीन आठवडे लागतात, तोपर्यंत लंगोटाची वरची कड नाळेच्या खाली दुमडून ठेवायची म्हणजे हवा लागते आणि शूने ओली होत नाही. सेफ्टी पिन नको, अजिबात नको, झोपेत हात चालतात आपले. बाजारात नाडीचे तयार लंगोट मिळतात, तुळशीबागेत ढीग असतो, ते चालतात, पण नाड्या खेचून बघून घ्या, दोन धुण्यांत तुटणाऱ्या पण असतात.

मग ते रंगीत डायपर कधी

नावं शंभर असली तरी प्रकार तीन-चारच आहेत. पहिला म्हणजे नुसतं वरचं कव्हर, आत तुमचाच लंगोट किंवा घडी. दुसरा पॉकेट, म्हणजे खिशासारखा, आत पॅड सरकवायचं. तिसरा ज्यात सगळं शिवूनच येतं, धुवा आणि घाला. आणि ज्यात पॅड टिचबटणाने आत लावायचं तो चौथा. बाहेरचं न भिजणारं कापड बहुतेकांचं एकाच जातीचं असतं, पीयूएल म्हणतात, म्हणजे कापडाला मागून पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला. हा थर जपायचा, तो फाटला-सुटला की डायपर संपला.

नवजात बाळासाठी आणि पावसाळ्यासाठी माझं मत पूर्णपणे कव्हरच्या बाजूने आहे. आतलं कापड एकेरी असल्यामुळे झटकन धुतलं जातं, झटकन वाळतं, आणि नुसती शू झाली असेल तर कव्हर पुसून हवेवर ठेवून पुन्हा वापरता येतं, शी लागली तरच धुवायचं. तीन कव्हरं आणि तीस लंगोट असले की पहिला महिना निघतो. कव्हर मात्र नवजात मापाचं घ्या. सुपरबॉटम्स, बम्पाडम असे आपल्याकडचे ब्रँड आहेत, बाहेरचे पण भरपूर आहेत, सगळ्यांचे मापाचे तक्ते वेगवेगळे, त्यामुळे "न्यूबॉर्न" या शब्दावर जाऊ नका, किलो बघा. आपल्याकडची बरीच बाळं अडीच-तीन किलोची असतात, त्यांना फ्री साईज, म्हणजे टिचबटणांनी लहान-मोठा करता येणारा डायपर, पाच किलोच्या आसपास, म्हणजे दोन-तीन महिन्यांनीच नीट बसायला लागतो. छोट्या मापाचे जास्त घेऊ नका हे पण सांगते, फार तर दीड-दोन महिन्यांचा खेळ आहे.

शिवून येणारे सगळ्यात सोपे, आजोबा पण घालू शकतात, पण वाळायला सगळ्यात हट्टी. माझ्याकडे एकच होता. चिपळूणला तो दोन दिवस पंख्याखाली होता तरी मधली शिवण ओली. पुण्यात एप्रिलमध्ये तोच चार तासांत कडकडीत. म्हणून म्हटलं दोरी बघा. तुमची बाळंतपणाची तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल, किंवा फ्लॅटला बाल्कनी म्हणून हातभर जागा असेल जिथे ऊन सकाळी नऊला येऊन साडेनऊला जातं, तर जाड, अनेक थरांचे, शिवलेले प्रकार घेऊच नका. नागपूर, जळगाव, सोलापूरकडे ऊन फुकट आहे, तिथल्यांनी काहीही घ्या, मला हेवा वाटतो.

पॅडचं पण तेच. मायक्रोफायबर, म्हणजे बारीक सिंथेटिक धाग्यांचं कापड, पटकन शोषतो, पटकन वाळतो, स्वस्त असतो, पण दाबला की पिळल्यासारखं पाणी सोडतो, आणि तो थेट कातडीला लावायचा नसतो, कातडीतला ओलावा पण ओढून घेतो आणि कोरडं पाडतो, म्हणून खिशाच्या आतच. सुती पॅड मधला मार्ग. बांबू आणि हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा) हळू शोषतात पण भरपूर धरतात, रात्रीसाठी चांगले, वाळायला मात्र जीव खातात. मी दिवसा सुती घडी आणि रात्री खाली एक बांबूचं, असं जमवलं होतं.

किती घ्यायचे? दोन-अडीच तासांनी एक बदलायचा म्हटलं तर मोठ्या डायपरचे दिवसाला आठ-नऊ लागतात, दिवसाआड धुणं धरलं तर सोळा ते वीस. एक बरा पॉकेट डायपर चारशे-पाचशेला धरला तरी आकडा मोठा होतो, म्हणून एकदम डझनभराचं पॅक मागवायच्या आधी वेगवेगळ्या प्रकारचे तीन घ्या, दोन आठवडे वापरा, आणि मग जो हातात बसला त्याचे आणखी घ्या. बाळाची मांडी बारीक की गुबगुबीत यावर पण असतं ते. मी शेवटपर्यंत दहावरच भागवलं, उरलेल्या वेळी लंगोट आणि खाली मेणकापड, काही बिघडलं नाही.

आधी आणायचं नाही म्हणतात ना

आमच्याकडे बाळ होण्याआधी बाळासाठी काही आणायचं नाही आणि पहिले कपडे जुनेच घालायचे. बऱ्याच घरांत आहे हे. अडचण अशी की नवे सुती आणि बांबूचे पॅड पहिल्याच दिवशी नीट शोषत नाहीत, कापसात नैसर्गिक तेलकटपणा असतो तो जाईपर्यंत पाणी वरून घरंगळतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालून मग पाच-सहा धुणी झाली की ते खरं शोषायला लागतात, मायक्रोफायबरला एकच धुणं पुरतं. म्हणजे बाळ आल्यावर मागवलं तर ते कामाला लागेपर्यंत दोन आठवडे गेले. माझ्या बहिणीने यावर सरळ मार्ग काढला, नणंदेचे वापरलेले पॅड आणि कव्हरं आणली. जुनेच कपडे, सासूबाई खूश, आणि धुवून धुवून मऊ झालेले, शोषणारे. वापरलेले घ्यायला लाजू नका, फक्त कव्हर उजेडासमोर धरून थर सुटलाय का बघा आणि मांडीचं इलॅस्टिक ताणून सोडा, परत आलं पाहिजे. सैल झालेलं असेल तर फुकट पण नको.

घालताना

सगळ्यात जास्त फोन गळतीचे येतात, "अगं गळतो, पैसे वाया गेले", आणि दहातल्या आठ वेळा घालायची चूक असते. इलॅस्टिक मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, आपली चड्डी बसते ना तिथे. डायपर लावून झाला की दोन्ही बाजूंनी बोट फिरवून कड आत सारायची आणि आतलं पांढरं कापड बाहेर डोकावत नाही ना बघायचं, सुताची एक कड जरी बाहेर राहिली तरी वातीसारखं सगळं झबल्यात चढतं. पोटाशी दोन बोटं जातील एवढंच सैल. समोरच्या उभ्या टिचबटणांनी उंची कमी-जास्त होते, लहान बाळाला सगळ्यात खालच्या ओळीवर. वेल्क्रो नवजात बाळाला नीट बसतो पण धुताना मिटून टाकला नाही तर बाकी सगळ्या कपड्यांचे दोरे ओढतो, टिचबटणं जास्त टिकतात.

ढुंगण मोठं दिसतं, पाय फाकलेले राहतात, "पाय वाकडे होतील" असं कोणीतरी म्हणणारच. नाही होत. उलट पाय बेडकासारखे फाकलेले असणं बाळाच्या खुब्याला चांगलंच, घातक आहे ते पाय सरळ ताणून घट्ट दुपट्यात आवळणं. मालीशवाल्या मावशींना हे पटवायला मला तीन आठवडे लागले आणि तरी मी बघत नसले की त्या आवळायच्याच.

धुणं

इथे खरी मेख आहे. चिपळूणला पाणी हलकं, साबण लावला की फेस, विसळलं की स्वच्छ, मला वाटलं धुण्यात काय एवढं. लेक साडेतीन महिन्यांची झाल्यावर पुण्याला आलो, सोसायटीत बोअर आणि टँकर, बादलीच्या कडेला पांढरे थर, आणि पंधरा दिवसांत तेच डायपर शू झाल्या झाल्या नाकात जाणारा अमोनियासारखा वास मारायला लागले, वर गळायला पण लागले. मी ब्रँडला दोष देत होते. दोष पाण्याचा होता. जड पाण्यातले क्षार आणि साबण मिळून एक चिकट साय तयार होते, ती पॅडमध्ये बसते, त्यात शूचे अंश अडकतात आणि कापड शोषणं बंद करतं. वडीचा साबण तर अशा पाण्यात बंदच करा. साधी डिटर्जंट पावडर वापरा, फार कमी नको आणि फार जास्त पण नको, पॅडच्या धुण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकला की पाणी मऊ होतं, आणि शेवटी एकदा जास्तीचं विसळा. वास बसलेल्या पॅडना मी गरम पाण्यात सोडा घालून तासभर ठेवलं, मग तीनदा विसळलं, वास गेला.

माझी रोजची पद्धत अशी होती. शूचा डायपर काढला की पॅड वेगळं करून नळाखाली एकदा पिळून जाळीच्या टोपलीत टाकायचा, झाकण लावायचं नाही. शीचा असेल तर लगेच संडासात जेट स्प्रेने झटकून मग टोपलीत. पाण्याच्या बादलीत दिवसभर भिजत ठेवायची आपली जुनी सवय इथे सोडा, त्या पाण्यात जंतू वाढतात आणि कव्हरचा थर पण सुटतो. एक दिवसाआड मशीन, आधी गार पाण्यात थोड्या पावडरीचा छोटा फेरा, ते घाण पाणी जाऊ दे, मग ४० अंशावर मोठा फेरा. हाताने धुणाऱ्यांनी पण दोनदाच, पहिलं पाणी टाकून द्यायचं. सुती लंगोट खुशाल उकळा, कव्हर आणि पॉकेट कधीच उकळायचे नाहीत, ६० अंशाच्या वर नाहीच, इस्त्री नाही, ब्रश नाही.

कपड्यांना सुवास येतो ते मऊ करणारं निळं-गुलाबी पाणी डायपरला लावू नका, कापडावर पातळ लेप बसतो आणि शोषणं कमी होतं. अँटिसेप्टिक रोज टाकायची पण गरज नाही, नीट धुणं आणि ऊन पुरतं, राहिलेला अंश उलट कातडीला झोंबतो. रॅशचं घट्ट पांढरं झिंक क्रीम पण पॅडला चिकटून बसतं, क्रीम लावलं असेल त्या दिवशी आत साडीचा एक पातळ तुकडा ठेवा, तो वेगळा धुवा.

वाळत घालताना पॅड थेट उन्हात, कव्हर सावलीत किंवा कोवळ्या उन्हात. कव्हर इलॅस्टिकला धरून लटकवू नका, दोरीवर आडवं टाका. पिवळे डाग कापड ओलं असतानाच उन्हात ठेवलं तर दोन-तीन वेळांत जातात, त्यासाठी काही विकत आणायची गरज नाही.

पावसात? मशीनचा पिळायचा फेरा दोनदा फिरवा. नसेल मशीन तर पिळलेले लंगोट कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून पाय देऊन दाबा, अर्धं पाणी टॉवेल पितो. दोरीवर कपडे एकमेकांना चिकटून नको, एका दोरीवर तीस नाही बारा. पंखा खालून. आई म्हणायची चुलीवर टांगू, एकदा टांगले, बाळाला महिनाभर धुराचा वास येत होता असं बाबा अजून चिडवतात. शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देऊन कपडे सुकवणं आणि त्याच खोलीत बाळ, हे नका करू, तो धूर एवढ्याशा फुप्फुसांना नको. इस्त्री सुती लंगोटाला चालते, पण वाफ जाऊ द्या, गरम आणि दमट लंगोट घातला की पुरळ ठरलेलं. आणि कुबट वास आला तर वाळलाय असं समजू नका, परत धुवा.

पुरळ, रात्र आणि बाहेर जाताना

कापडी वापरलं की पुरळ येतच नाही हे खोटं आहे. ओलं कापड तीन-चार तास ठेवलं तर कापडीला पण येतं, उलट लवकर येतं. दोन-अडीच तासांनी बदला, शी झाली की लगेच, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, रोज थोडा वेळ उघडं ठेवा. पावडर नको, ती उडते आणि श्वासात जाते. लाली जांघेच्या घडीत पण पसरली, आजूबाजूला बारीक लाल ठिपके उठले, दोन-तीन दिवसांत कमी नाही झाली, तर ते बुरशीचं असू शकतं, घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

रात्री आम्ही पहिले तीन महिने सरळ विकतचा, वापरून फेकायचा डायपर लावायचो. हो, लावायचो. टाके दुखत असताना, रात्री चारदा दूध पाजताना, अजून चार लंगोट बदलायची माझ्यात ताकद नव्हती आणि त्याबद्दल मला कोणाचं प्रवचन नकोय. प्रवासात पण तेच. फक्त तो टाकताना शी संडासात टाकून, घट्ट गुंडाळून, कागदात वेगळा बांधून द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत पण घट्ट गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई त्या पुडीवर लाल ठिपका काढून द्या म्हणतात, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही की आत काय आहे. लाल पेन दाराशी बांधून ठेवलंय मी, दोन सेकंदांचं काम आहे.

दिवसा बाहेर जाताना दोन तयार भरलेले पॉकेट डायपर, एक आत प्लास्टिक लावलेली चेनची पिशवी ओल्यांसाठी, आणि दोन लंगोट पुसायला. घरी आल्या आल्या पिशवी रिकामी करायची. मी एकदा विसरले होते, लग्नाहून आल्यावर, तिसऱ्या दिवशी सापडली. त्यातलं कव्हर वाचलं, पिशवी नाही वाचली.

सहाव्या महिन्यात वरचं सुरू झालं की शीचा सगळा कारभार बदलतो, घट्ट होते, वास येतो, आणि तेव्हा जेट स्प्रे नसेल तर पॅडवर ठेवायचे पातळ कागदी लायनर मिळतात ते घ्या, शीसकट उचलून शी तेवढी संडासात झटकायची आणि लायनर कचऱ्यात, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी फ्लश करू नका, आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा पाइप तुंबला होता. लंगोट तोपर्यंत माझे अर्धेच उरले होते. आता त्यातले सहा स्वयंपाकघरात ओट्याला आहेत, चार नवऱ्याने गाडी पुसायला नेले, आणि आजोबांच्या धोतराचे नऊ धुवून, उन्हात घालून, गोळ्या न टाकता कडुलिंबाचा पाला घालून पिशवीत ठेवलेत, बहिणीला डिसेंबरमधली तारीख दिलीये. डिसेंबर म्हणजे ऊन आहे, तिला मी शिवलेले पण घे म्हटलंय.